गोदेलीव्हच्या भिंतीवरचा खिळा

मेदार कालेवार्तचा जन्म आठ जूनचा. तो संत मेदारचा दिवस, आणि हा संत पावसाचा. १९२६ साली त्या दिवशी सकाळपासून पाऊस जो धो धो कोसळला, त्यामुळे पोराचं नाव ठरवायला घरात कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. पुढे आयुष्यभर मेदारनं शर्यतींत जो चिखल खाल्ला तो या नावापायीच, असं त्याचा बाप कामील म्हणायचा. मेदार त्यावर काही बोलायचा नाही. मेदार कशावरच फारसं बोलायचा नाही.

मी ओक्ताफ. सगळे ताफ म्हणतात. मी गेंट शहराचा, सूतगिरणीच्या वस्तीतला, आणि तोंडानं फटकळ. मेदार लेयबेके गावचा, लेय नदीकाठचा, जवस पिकवणाऱ्यांतला. बारा हिवाळे आम्ही दोघांनी गेंटच्या लाकडी ट्रॅकवर जोडीनं सायकल चालवली. त्याला जाऊन आता चार वर्षं झाली. मी आयुष्यात जे काही थोडंफार झालो त्यातलं निम्मं श्रेय माझ्या आईचं आणि निम्मं मेदारचं. माझ्या स्वतःच्या वाट्याला त्यातून फारसं काही उरत नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

त्याचे हात आधी सांगायला हवेत. त्या काळी जवसाच्या पेंढ्या नदीत बुडवून कुजत ठेवायचे, म्हणजे देठातून धागा सुटतो. त्या ओल्या, घाण मारणाऱ्या पेंढ्या पाण्यातून ओढून काठावर टाकायचं काम मेदार बारा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर करत होता. त्यामुळे त्याचा पंजा भाकरीच्या ताटाएवढा झाला होता आणि त्याला वास कायमचा चिकटला होता. पहिल्यांदा त्यानं माझा हात हातात घेतला तेव्हा मला वाटलं, दाराच्या फटीत सापडला.

लेयबेकेत चर्चसमोर गोदेलीव्हचा कॅफे आहे. गावच्या जत्रेत, ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी जी शर्यत होते तिची शेवटची रेघ या कॅफेच्या दारासमोर मारतात. जिंकणाऱ्यानं आपला गुच्छ आत नेऊन काउंटरवरच्या निळ्या चंबूत ठेवायचा, आणि त्याचा फोटो भिंतीवर लागायचा, कायमचा. हा नियम गोदेलीव्हच्या सासऱ्यानं घातला होता. ती लग्न होऊन आली, तिनं नवरा वाकवला, सासू वाकवली, पण हा नियम वाकवला नाही.

१९४६ साली मेदारनं शेजारच्या गावात नवशिक्यांची शर्यत मारली. त्या दिवशी गोदेलीव्हनं हातोडी घेतली आणि कामील रोज बसतो त्या खुर्चीच्या वर भिंतीत एक खिळा ठोकला.

"हा मेदारचा," ती म्हणाली. "पुढच्या ऑगस्टला लागेल."

कामीलनं लगेच टोपी काढून खिळ्याला अडकवली.

"टोपी काढ! तो खिळा माणसाचा आहे, टोपीचा नाही."

तेव्हापासून त्या खिळ्याला कुणी काही अडकवलं नाही, आणि पुढच्या ऑगस्टला काही लागलंही नाही.

त्याच्या पुढच्याही ऑगस्टला नाही. एका वर्षी बोटाएवढा खिळा चाकात घुसला, तोसुद्धा जोगिणींच्या मठासमोर, शेवटच्या फेरीत. मेदारच्या तोंडून जे निघालं ते ऐकून थोरल्या जोगीणबाईंनी खिडकी लावून घेतली. एका वर्षी खाटकाचा कुत्रा आडवा आला. एका वर्षी पाचजण पुढे निसटले होते आणि त्यांत मेदार सगळ्यांत ताजा होता. तर त्याच्याच संघाच्या म्होरक्याचं चाक फुटलं, आणि मेदार थांबला, स्वतःचं चाक काढून त्याला दिलं आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. स्वतःच्या गावात! बापाच्या डोळ्यांदेखत!

कारण रस्त्यावर मेदार गडी होता. आमच्याकडे सरळ गडीच म्हणतात. संघात एक म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याचे गडी. म्होरक्याला वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचं चाक फुटलं की आपलं द्यायचं. दगडी रस्त्यांच्या त्या वसंतातल्या शर्यतींत मेदार किती वेळा खड्ड्यात उभा राहिला असेल, हातात फुटकं चाक, तोंडावर चिखल, आणि शर्यत निघून गेलेली. त्याच्या म्होरक्यांनी मोठमोठ्या शर्यती मारल्या. त्यांच्या नावानं आज रस्ते आहेत. मेदारच्या नावानं एक रिकामा खिळा होता.

गावातली माणसं काही सोडायची नाहीत. "मेदार, खिळा गंजला रे!" "मेदार, गोदेलीव्हबाई म्हणतात त्यावर आता सॉसेज वाळत घालते!" मेदार हसायचा, बिअर संपवायचा आणि जाताना खिळ्याकडे एकदा बघायचा. ते मी पाहिलं आहे. त्याला मोठ्या शर्यतीचं काही नव्हतं. त्याला त्या कॅफेत, बापाच्या डोक्यावर, आपला फोटो हवा होता. आयुष्यात मागितलं ते त्या माणसानं एवढंच.

आता ट्रॅकचं. हिवाळ्यात रस्ते गोठले की आम्ही गेंटला लाकडी ट्रॅकवर जोडीनं उतरायचो. जोडीच्या शर्यतीत एकजण जिवाच्या आकांतानं पळवत असतो आणि दुसरा वरच्या कडेनं हळूहळू फिरत दम खात असतो. पहिल्याचा दम संपत आला की तो मागून भरधाव येतो, दुसऱ्याच्या शेजारी पोचतो, आणि दुसऱ्यानं मागे केलेला हात धरून त्याला पुढे फेकतो. आपला सगळा वेग त्याला देऊन टाकतो आणि स्वतः मागे राहतो. मग हा पळवतो, तो दम खातो. असं तासन् तास. पुढच्यानं मागे वळून बघायचं नसतं. नुसता हात मागे करायचा आणि कुणीतरी तो धरेल असं समजायचं.

मेदारइतकी चांगली फेक साऱ्या फ्लँडर्समध्ये कुणाची नव्हती. जवसाच्या ओल्या पेंढीपेक्षा मी हलका होतो, एवढंच तो सांगायचा.

१९५२ च्या डिसेंबरात, भरदुपारी, तो मागून आला, मी हात मागे केला, आणि मध्ये तिसराच एकजण घसरला. आमची बोटं बोटांना लागली आणि सुटली. मी पडलो. गळ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि ट्रॅकच्या लाकडाची वीतभर ढलपी मांडीत घुसली. हाड मार्चपर्यंत सांधलं. मांडी त्याच्या आधीच बरी झाली. हात मात्र बरा झाला नाही.

म्हणजे दिसायला धडधाकट. पण मागे चाकाचा आवाज आला की तो आपोआप हँडलकडे जायचा आणि हँडल घट्ट धरून बसायचा. मी त्याला शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. ज्याला हात मागे करता येत नाही त्याचा जोडीच्या शर्यतीत काय उपयोग? सामने भरवणाऱ्या गृहस्थांनी मेदारला बोलावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि दार पातळ होतं.

"एक स्विस मोकळा आहे, मेदार. उत्तम माणूस आहे. पुढच्या हिवाळ्याला त्याच्याबरोबर उतर."

"मला ताफचा हात माहीत आहे," मेदार म्हणाला.

"अहो, पण तो हात देतच नाही!"

"देईल."

त्या खोलीत तो एवढंच बोलला. बाहेर आला आणि मला म्हणाला, "उद्या सात वाजता नदीच्या बांधावर ये. भाकरी घेऊन ये, माझ्याकडची संपते."

एप्रिलपासून, रविवारच्या शर्यती सांभाळून, आठवड्यातून चार सकाळी मी गेंटहून लेयबेकेला जायचो. बोटी ओढायला केलेला बांध सरळसोट होता. मी पुढे हळू चालवायचो, तो मागून वेगात यायचा. माझा हात हँडलवर. तो पुढे निघून जायचा, वळून यायचा.

"परत," तो म्हणायचा.

सकाळी साठ वेळा. सत्तर वेळा. त्यानं एकदाही आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला भयंकर राग यायचा. मे महिन्यात एकदा मी सायकल बांधावर फेकली.

"अरे, तुला तो स्विस मिळतोय, जा ना त्याच्याकडे! माझ्या मेलेल्या हाताला काय चिकटून बसलायस? काय दया येते काय माझी?"

मेदारनं बाहीनं नाक पुसलं.

"ताफ, जवस नदीत घातला की तो काही तू म्हणशील तेव्हा सुटत नाही. बाबा रोज जाऊन एक देठ मोडून बघतात आणि परत येतात. चिडत नाहीत." मग त्यानं माझी सायकल उचलून मला दिली. "माझं चाक ऐकलंस की हात मागे. बघायचं नाही, विचार करायचा नाही. घ्यायला मी आहे. परत."

जूनमधल्या एका सकाळी मी जेवणाचा विचार करत चाललो होतो. आदल्या दिवशी आईनं ताकातली लापशी केली होती आणि ती उरली असेल की भावानं चाटूनपुसून संपवली असेल, हे माझ्या डोक्यात चाललं होतं. मागे चाक वाजलं. आणि हात गेला. मी पाठवला नाही. तो आपला आपण गेला. मेदारनं तो धरला आणि मला असा भिरकावला की मी जेमतेम नदीत जायचा वाचलो.

मी थांबलो. तो आला. "हं," म्हणाला. आम्ही गवतात बसून भाकरी आणि डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं. आपल्या वाटणीचं निम्मं मांस त्यानं माझ्या भाकरीवर ठेवलं. मला त्या वेळी रडू आलं आणि मी ते माशी डोळ्यात गेल्याच्या नावावर खपवलं.

पुढे आम्ही सात हिवाळे जिंकत, हरत, पडत, उठत चालवलं. तो हात पुन्हा कधी हँडलला चिकटला नाही. चाक ऐकलं की मागे.

१९६० साली मेदार चौतीस वर्षांचा झाला. संघानं पुढच्या वर्षासाठी त्याला घेतलं नाही. लेयबेकेची ऑगस्टची शर्यत ही आपली शेवटची, असं त्यानं जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे गोदेलीव्हला सांगितलं, तेवढं पुरे होतं. गावानं रस्त्यावर चुन्यानं जागोजागी त्याचं नाव लिहिलं. सकाळी पाऊस पडून चुना वाहून गेला आणि त्यांनी दुपारी पुन्हा लिहिलं. मी दुसऱ्या संघाकडून त्याच शर्यतीत होतो. उन्हाळ्यात आमचे संघ वेगळे असायचे. जोडी फक्त हिवाळ्याची.

मी त्याला मुद्दाम जिंकू देणार होतो का? नाही. तसं केलं असतं तर त्यानं माझं तोंड पाहिलं नसतं. आणि त्याची गरजही नव्हती. त्या दिवशी मेदार काय चालवत होता! शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या असताना तो निसटला आणि त्याच्या मागच्या चाकाला धरून राहणं फक्त मला जमलं. बाकीचे मिनिटभर मागे पडले.

"मेदार, मी संपलो," मी ओरडलो.

"बडबडू नकोस. चालव."

मठाच्या कोपऱ्यापासून गोदेलीव्हच्या दारापर्यंत तीनशे मीटर सरळ रस्ता. कोपऱ्यावर त्यानं मला पुढे घातलं, अगदी शहाण्या माणसासारखं. पुढच्याला वारा लागतो, मागच्याला दम राहतो. सगळा डाव त्याच्या हातात होता. माझ्या पायांत उरलेलं सगळं मी काढलं आणि ते लवकरच संपलं. साठ मीटर राहिले. दोन्ही बाजूंनी अख्खं गाव ओरडत होतं. कामील खुर्ची बाहेर आणून तिच्यावर उभा होता. मला कळत होतं की मेदार आता माझ्या मागून सुटणार, शेजारून जाणार आणि जिंकणार, आणि खरं सांगतो, मला आनंद होत होता.

मग मागे त्याचं चाक वाजलं.

आणि माझा हात मागे गेला.

मी पाठवला नाही, देवाशपथ. तो गेला. आणि मेदारनं तो धरला आणि सगळं अंग लावून मला पुढे फेकलं. गेंटला, ट्रॅकवर, सहा हजार माणसांसमोर फेकायचा तसं. मी त्याच्या दीड चाक आधी रेघ ओलांडली.

चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं ऐकू येत होती. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, हा काय ट्रॅक वाटला का रे तुम्हाला!" आणि पहिल्यांदा एक, मग दहा, मग अख्खा रस्ता हसत सुटला. काहीजण हसता हसता रडत होते, त्यांत खाटीकही होता.

पंच म्हणून एक ताठ कॉलरचे गृहस्थ आले होते. रस्त्याच्या शर्यतीत ढकलणं, ओढणं, फेकणं बंद. त्यांनी आम्हा दोघांनाही शेवटच्या जागी टाकलं. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर त्यांचा जास्त राग आला. मिनिटभरानं पोचलेला कोलिन्यो नावाचा वालून, म्हणजे दक्षिणेकडचा फ्रेंच बोलणारा, जिंकला. त्याला बिचाऱ्याला आमचे रिवाज काय ठाऊक! तो गुच्छ काखोटीला मारून आईसाठी घेऊन गेला आगगाडीनं. गोदेलीव्हनं चंबूत पाणी भरून ठेवलं होतं ते तसंच राहिलं.

मेदार फुटपाथच्या कडेला बसला होता आणि स्वतःच्या हाताकडे बघत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"मेदार... माझा हात..."

"आला," तो म्हणाला. "आला म्हणून मी घेतला." मग बुटाचे पट्टे सोडत म्हणाला, "साठ मीटर राहिले होते रे, ताफ." बस्स. तक्रार म्हणून त्यानं जन्मात उच्चारलेलं हे एकच वाक्य मला आठवतं.

कामील खुर्ची ओढत आला. "शर्यतीची पार वाट लावलीत," तो पोराला म्हणाला. "पण फेक झकास होती."

वर्तमानपत्राच्या माणसानं नेमका तो क्षण टिपला होता. दोन दिवसांनी फोटो छापून आला तेव्हा गावातले चारपाचजण तो कापून गोदेलीव्हकडे गेले. लाव म्हणाले खिळ्याला, पोराचं समाधान होईल.

"जिंकणाऱ्याचा फोटो लागतो," ती म्हणाली. "न जिंकलेल्यांचे लावायला घेतले तर मला चर्चच्या भिंतीही पुरायच्या नाहीत." ती कठोर बाई होती असं कुणी म्हणेल. पण त्या संध्याकाळी तिनं खिळ्याला तेल लावलं, गंजू नये म्हणून, हे मला नंतर कामीलनं सांगितलं.

मी घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही. मग हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती आजही मनातून जात नाही. मेदारनं मला दया म्हणून ती शर्यत दिली असती तर मी आयुष्यभर मान खाली घालून फिरलो असतो. मोठेपणा म्हणून दिली असती तर उपकार म्हणून छातीवर दगड राहिला असता. पण त्यानं काही दिलंच नव्हतं. त्याच्या हातानं त्याला विचारलंही नाही. आणि माझा तो मेलेला हात, जो चाकाच्या आवाजाला घाबरून हँडलला चिकटायचा, तो साऱ्या गावासमोर, न विचारता, त्याच्याकडे गेला होता. इतकं बरं त्यानं मला केलं होतं. आणि ते केल्याबद्दल त्याचं एकुलतं एक मागणं त्याच्या हातून गेलं होतं.

मी पुढच्या ऑगस्टपर्यंत कुणाला काही बोललो नाही. नुसतं चालवलं. बायको म्हणायची, तेहेतिसाव्या वर्षी काय खूळ शिरलं डोक्यात?

१९६१ च्या लेयबेकेच्या शर्यतीत नेहमीसारखा पाऊस होता. मेदार तेव्हा जवसाच्या कारखान्यात लॉरी चालवायचा आणि शर्यत बघायला मठाच्या कोपऱ्यावर उभा होता, लांब कोट घालून, दोन्ही हात खिशात. शेवटच्या फेरीत आम्ही चौघं पुढे होतो. बाकीचे तिघे माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पिंढऱ्या अशा की बघवत नव्हत्या. सरळ सांगायचं तर मला काही आशा नव्हती. कोपऱ्यावर पोचलो तसा मेदार ओरडला. हा माणूस शर्यतीत कधी ओरडलेला मी ऐकला नव्हता.

"ताफ, बिनधास्त चालव! माझे हात खिशात आहेत!"

कोपऱ्यावरची सगळी माणसं खो खो हसली. त्या तिघा परगावच्या पोरांना काय चाललंय कळेना. त्यांनी बघायला माना वळवल्या. तेवढं मला पुरलं. मी निघालो तो थेट गोदेलीव्हच्या दारापर्यंत मागे बघितलं नाही. म्हणजे हात खिशात ठेवूनही त्यानं मला फेकलंच.

गुच्छ मी निळ्या चंबूत ठेवला. गोदेलीव्हनं कोरडेपणानं माझं अभिनंदन केलं. "फोटो रविवारी आण. चौकटीसकट. गेल्या खेपेला एकानं नुसता कागद आणला होता."

रविवारी चर्च सुटल्यावर मी गेलो. अख्खा कॅफे भरलेला. कामील आपल्या खुर्चीत, मेदार दाराशी, हात खिशात. मी कागद सोडून चौकट काउंटरवर ठेवली. गोदेलीव्हनं चष्मा लावला. मागच्या वर्षीचाच फोटो, वर्तमानपत्राच्या माणसाकडून मोठा करून आणलेला. पुढे मी, मागे मेदार, आणि मध्ये आमचे हात.

"हा मागच्या वर्षीचा आहे," ती म्हणाली.

"फोटो कोणत्या वर्षीचा हवा असा तुमच्या सासऱ्यांचा काही नियम आहे का?"

तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला. कॅफेत कुणी ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही ते बोलले नव्हते."

"यात यंदा जिंकलेला माणूस आहे का?"

"आहे. तोंड वाकडं करून आहे."

"मग?"

"आणि हा मागचा कोण म्हणायचा?"

"तो फोटोत आला त्याला मी काय करू, गोदेलीव्हबाई? कापायचा तर कापा."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग चौकट काखेत घेतली आणि काउंटरच्या बाहेर आली. भिंतीवर इतर ठिकाणी जागा होती. तिकडे तिनं बघितलंही नाही.

"कामील, ऊठ. पंधरा वर्षं बसलायस त्या खिळ्याखाली, आता जरा बाजूला हो."

ती खुर्चीवर चढली आणि फोटो लावला. उतरून बघितला, पुन्हा चढून सरळ केला. कामीलनं टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला समजेना, म्हणून हातातच धरून उभा राहिला. मेदार गर्दीतून पुढे आला. माझ्या मागे उभा राहून त्यानं तो फोटो खूप वेळ बघितला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी बघितलं नाही, मला धीर होईना.

"माझ्या चड्डीला चिखल केवढा लागलाय," तो म्हणाला.

मागे न बघता मी हात मागे केला. त्यानं तो घेतला.